कारणाचा रकाना

आमच्या बँकेच्या मुख्य कार्यालयात दुसऱ्या मजल्यावर एक अरुंद खोली होती. दोन टेबलं, एक पत्र्याचं कपाट, एक फोन. मोठ्या टेबलावर वैद्यबुवा बसत, छोट्यावर मी. वैद्य हे त्यांचं आडनाव नव्हे. रोज बँकेची नाडी बघतात म्हणून कोणीतरी थट्टेने हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. तोंडावर मी त्यांना काका म्हणायची, माघारी मात्र मीही वैद्यबुवाच म्हणत असे. त्यांना हे ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं असा माझा संशय आहे.

दुपारी साडेचारला फोन वाजायला लागायचा. अकरा शाखा, अकरा फोन. प्रत्येक शाखेने दिवसअखेरच्या ठेवींचा आकडा सांगायचा: बचत किती, चालू किती, मुदत किती. वैद्यबुवा तो लांबट रजिस्टरात लिहीत, शेजारी कालचा, त्याच्या शेजारी गेल्या आठवड्यात याच वारी होता तो, आणि मग फरक. सोमवारची तुलना सोमवारशीच करायची, पगाराच्या दिवसाची पगाराच्या दिवसाशी, हा त्यांचा दंडक. "एका दिवसाच्या आकड्यावर जो विश्वास ठेवेल तो वेडा," ते म्हणत, "आणि वर्षाच्या ताळेबंदावर जो ठेवेल तो त्याहून मोठा वेडा. ताळेबंद छापून येईपर्यंत रोग्याचं तेरावं होतं."

छापील तक्त्यात नसलेला एक रकाना त्यांनी स्वतः लाल पेन्सिलने आखला होता. वर लिहिलं होतं, कारण. ठेवी घटल्या तर का घटल्या ते तिथे लिहायचं. शाळेची फी, कर, दवाखाना, लग्न, घरखरेदी. कारण सापडलं नाही की ते शाखेला परत फोन लावत. "अहो, चौदा लाख गेले कुठे? त्यांना काय पाय फुटले?" मग पलीकडचा बिचारा मॅनेजर खातेदारांची यादी काढून बसायचा. एकदा तीन लाखांसाठी त्यांनी एका शाखेला इतकं पिडलं की शेवटी तिथल्या मॅनेजरने सांगितलं, साहेब, ते मीच काढले, मला मोटार घ्यायची होती. वैद्यबुवांनी शांतपणे लिहिलं, मोटार.

सव्वापाचला तक्ता वरच्या साहेबांकडे जायचा. त्यावरून साहेब ठरवणार, उद्या किती रोकड हाताशी ठेवायची. बँकेचं दुखणं कुठून सुरू होतं हे वैद्यबुवांना पाठ होतं. "आधी चालू खाती हलतात. व्यापारी शहाणा असतो, त्याला वास येतो. मग मुदत ठेवी संपल्या की लोक पुन्हा ठेवत नाहीत. मग मुदतीआधी मोडायला लागतात. बचतवाला सगळ्यात शेवटी. शहाणे आधी निघतात, भोळे दारात सापडतात." हे ते मला शिकवत असत तेव्हा मी मान डोलवायची आणि चहाची वेळ झाली का ते बघायची. त्यांच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत असं काही झालेलं नव्हतं. मग ते कशाला होईल?

त्यांच्या घरात माणूस एकच, म्हणजे ते स्वतः. दोन गल्ल्या सोडून त्यांची थोरली बहीण राहायची. आईवडील लवकर गेले, तेव्हा ताईंनीच शिवणाचं मशीन चालवून यांना शिकवलं, नोकरीला लावलं. ताई शिवणाचे वर्ग घेत. गावातल्या निम्म्या बायकांना कात्री धरायला त्यांनी शिकवलं असेल. मलाही काज करायला त्यांनीच शिकवलं, आणि टाका वाकडा गेला की हातावर लाकडी पट्टी बसायची ती अजून आठवते. खोटं बोललेलं त्यांना खपत नसे. दोरा कुणी तोडला असं त्यांनी विचारलं तर ज्या मुलीने तोडला तीच हात वर करायची.

ताई भाड्याच्या एका खोलीत राहायच्या. एकच खोली, पण तिला मोठी खिडकी होती, आणि दिवसभर सरळ उजेड मशीनवर पडायचा. मालकाने ती विकायला काढली तेव्हा म्हणाला, बाई, आधी तुम्हाला विचारतो, महिनाअखेर पैसे द्या, खोली तुमची. पैसे ताईंकडे होते. अठरा लाख, चाळीस वर्षांच्या शिवणाचे, आमच्याच बँकेत मुदत ठेवीत. ठेव मोहिमेत आम्हा सगळ्यांना घरच्यांच्या ठेवी आणायला सांगत, लक्ष्यच ठरवून देत. वैद्यबुवांनी ताईंची आणली होती. मी माझ्या बाबांचे निवृत्तीचे आठ लाख आणले होते.

पहिली खूण मंगळवारी आली. औषधांच्या एका ठोक व्यापाऱ्याने चालू खात्यातून चाळीस लाख हलवले. वैद्यबुवांनी फोन लावला. "माल घेतला का त्यांनी?" नाही. "कर?" नाही. कारणाचा रकाना कोरा राहिला. बुधवारी दुसऱ्या शाखेत एक शाळा, मग एक दूध डेअरी. दोन्ही चालू खाती, दोन्ही मोठी. त्या आठवड्यात तीन कोटी गेले आणि लाल रकान्यात सलग पाच ओळी कोऱ्या होत्या. असं मी कधी पाहिलं नव्हतं. वैद्यबुवा चष्मा पुसत होते, पुन्हा पुन्हा, आणि काचा तर आधीच स्वच्छ होत्या.

पुढच्या आठवड्यात मुदत ठेवी. संपलेल्या ठेवी कुणी पुन्हा ठेवीना. आणखी सहा कोटी. आमच्याकडे लगेच हाती येईल असा पैसा एकतीस कोटींचा होता, तो बावीसवर आला. साडेचारच्या फोनची मला धास्ती बसली. शेवटी शेवटी तर मी सव्वाचारलाच खोलीबाहेर जाऊन पायऱ्यांवर उभी राहायची. आणि खाली काउंटरवर सगळं नेहमीसारखं होतं, कॅशियर शिक्के मारत होते, म्हाताऱ्या पासबुकं भरून घेत होत्या. पैसा पळतोय हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं: वैद्यबुवांना, मला आणि साहेबांना.

साहेबांनी आम्हाला वर बोलावलं. रजिस्टर उघडून लाल रकान्यावर बोट ठेवलं. "हे काय?"

"कारण मिळालं नाही साहेब."

"मग फी लिहा."

"हा फीचा महिना नाही."

"तुम्हाला महिना कोणी विचारला?" साहेब ओरडले, मग एकदम आवाज खाली आणला. "झाकली मूठ सव्वा लाखाची, वैद्यबुवा. या खोलीतून एक शब्द बाहेर गेला तर बँक मोडेल, आणि ती तुम्ही मोडली असं मी सांगेन. तुम्ही दोघांनी सही केलेली आहे. स्वतःची किंवा घरच्यांची ठेव मला विचारल्याशिवाय हलवायची नाही."

सही आम्ही खरंच केली होती, नोकरीला लागताना, न वाचता. साहेबांच्या कपाळावर घाम होता. त्यांच्या मागच्या दाराला कुलूप होतं, आत कर्जाच्या फायली होत्या. त्या फायली वैद्यबुवांना सव्वीस वर्षांत कोणी दाखवल्या नव्हत्या. ठेवी का पळतायत याचं उत्तर त्या दारामागे असणार, एवढं आम्हाला कळत होतं.

त्या शनिवार-रविवारी त्यांनी काय केलं ते मला नंतर कळलं. रविवारी सकाळी ते ताईंकडे गेले आणि म्हणाले, उद्या जा आणि ठेव मोड. आपल्या जवळच्या शाखेत नको, नदीपलीकडच्या छोट्या शाखेत जा, तिथे तुला कोणी ओळखत नाही. कोणी विचारलं तर सांग, खोलीचे पैसे द्यायचेत. हे कारण निम्मं खरंच होतं. मुदतीच्या तीन आठवडे आधी मोडली तर व्याज थोडं जाईल, जाऊ दे. ताईंनी फक्त एवढंच विचारलं, "बँकेत काही आहे का?" वैद्यबुवा म्हणाले, "मी सांगतोय ना."

सव्वीस वर्षं ज्याने दर शाखेत कोण ठेवतो, कोण काढतो हे पाठ केलं, त्या माणसाने आपली बहीण कोण आहे हेच लक्षात घेतलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. नदीपलीकडच्या शाखेतली कॅशियर ताईंची विद्यार्थिनी निघाली. उठून उभी राहिली, पाया पडायचीच काय ती राहिली. तिने विचारलं, "बाई, ठेव का मोडताय? खोलीसाठी का?" ताईंनी तोंड उघडलं, आणि त्यांना खोटं जमलं नाही. "खोलीसाठीही," त्या म्हणाल्या. कॅशियरने आवाज बारीक करून विचारलं, "वैद्यबुवांनी सांगितलं?" ताई म्हणाल्या, "हो."

त्या सोमवारी साडेचारला नदीपलीकडच्या शाखेचा फोन पहिला आला. तिथे रोज पाच-सात लाख इकडेतिकडे होत. त्या दिवशी बासष्ट लाखांची घट होती. वैद्यबुवांनी लिहून घेतलं आणि सवयीने विचारलं, "कारण?" पलीकडचा मॅनेजर बिचारा हळूच सांगत होता की दुपारी बायका रांगेने आल्या, म्हणत होत्या, वैद्यबुवांच्या बहिणीने काढले तर आमचे कशाला ठेवायचे? रिसीव्हर त्यांच्या हातातच राहिला, मी उठून जागेवर ठेवला. त्यांनी पेन्सिल उचलली आणि लाल रकान्यात स्पष्ट अक्षरात लिहिलं, माझी बहीण. "काका, खोडा ते," मी म्हटलं. "खरं आहे ते," ते म्हणाले. तक्ता तसाच वर गेला. साहेबांनी त्यावर काही बोलायला बोलावलंच नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मंगळवारी चार कोटी गेले, सगळ्या शाखांतून. बुधवारी सहा. आता बचतवालेही आले होते. खाली काउंटरपासून रस्त्यापर्यंत रांग, आणि रांगेत कोणी भांडत नव्हतं, ओरडत नव्हतं. सगळे पुढच्याच्या मानेकडे बघत उभे. आमच्या खोलीत तो आवाज नसलेला आवाज वर येत होता. बावीसचे अकरा झाले होते. "उद्या आणि परवा," वैद्यबुवा म्हणाले, "मग दार लावावं लागेल." मला बाबांचे आठ लाख दिसत होते. पण सही केलेला कागद साहेबांकडे होता, नोकरी गेली तर घर माझ्यावर होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी काही केलं नाही, नुसती घाबरून बसले.

पाच वाजता त्यांनी कोट घातला. "चल माझ्याबरोबर ताईकडे. एकट्याने जायची हिंमत नाही."

ताई मशीनवर होत्या. कपाटात खालच्या खणात पैशांची पिशवी होती, तिच्याकडे त्यांनी नुसतं बोट केलं. "आहेत. मालक शनिवारी गावाहून येतोय, तेव्हा कागद करू म्हणाला."

वैद्यबुवा उभेच होते. "ताई, ते परत ठेव. उद्या सकाळी, मुख्य शाखेत, रांगेच्या समोरून जाऊन."

मशीन थांबलं.

"तू काढलेस म्हणून लोक काढतायत. तू ठेवलेस तर थांबतील. दोन दिवस जरी रांग ओसरली तरी दुसरी मोठी बँक मदतीला येईल असं साहेब म्हणतात. चाळीस हजार खाती आहेत. तुझ्या सगळ्या मुलींची आहेत. मी आकडे बघतोय ताई, हे थांबू शकतं."

"रविवारी पण तू आकडेच बघत होतास."

ताईंनी चष्मा काढला. मला वाटलं आता पट्टी काढतात की काय. "तू सांगितलंस म्हणून काढले. तू सांगतोस म्हणून ठेवेन. पण मला एक सांग. हे तू बँकेतला माणूस म्हणून सांगतोयस की भाऊ म्हणून?"

वैद्यबुवांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला की काय सांगू. तोंडाने 'भाऊ म्हणून' म्हणायला काय लागत होतं? पण ताईंचाच भाऊ तो, खोटं बोलणार कुठून?

"बरं," ताई म्हणाल्या. "त्या कॅशियर पोरीचेही त्यातच असतील ना?" आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

गुरुवारी सकाळी दहा वाजता शिवणाच्या बाई अठरा लाखांची पिशवी घेऊन मुख्य शाखेत आल्या. मी जिन्यात उभी होते. रांगेतल्या बायका बाजूला सरकल्या. ताई काउंटरशी गेल्या आणि मोठ्याने, वर्गात बोलायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "ठेवायचेत." पैसे मोजायला वीस मिनिटं लागली आणि तेवढा वेळ हॉलमध्ये फक्त नोटा मोजायच्या यंत्राचा आवाज होता. मग मागून एक बाई रांगेतून निघाली. मग दोन. दुपारी रांग दारापर्यंतच होती, तीन वाजता नव्हतीच. त्या दिवसाची घट ऐंशी लाख. साहेबांनी वरून चहा पाठवला. वैद्यबुवांनी तो प्यायला नाही.

शुक्रवारी हॉल रिकामा होता. काउंटरवर एक माणूस, दोन माणसं. नाडी ठिकाणावर आली असं वैद्यबुवा म्हणाले. पण ते हसले नाहीत, आणि माझी तर त्या रिकाम्या हॉलकडे बघून पाचावर धारण बसली होती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. मला वाटत होतं, ताप उतरला म्हणून रोग गेला कशावरून? ती कुलपाची खोली तशीच होती. मी जेवणाच्या सुट्टीत बाबांना फोन केला, त्यांना रिक्षाने बोलावलं आणि मागच्या जिन्याने खाली गेले. रांगच नव्हती. आठ लाख मिळायला सात मिनिटं लागली.

साडेचारनंतर एकेक फोन आले, शेवटचा मुख्य शाखेचा. सगळ्या बँकेत मिळून त्या दिवशीची घट फक्त अकरा लाख होती. "त्यातले आठ तुमच्याकडच्या एकाच खात्यातून? कोणाचे?" वैद्यबुवांनी विचारलं. मी टेबलाच्या खणात काहीतरी शोधत होते. त्यांनी ऐकलं, हं म्हटलं, फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. लाल रकान्यात लिहिलं, घरगुती.

शनिवारी सकाळी बँकेच्या दारावर कागद होता. कर्जाच्या फायली तपासायला बँकांवर देखरेख करणाऱ्या कचेरीतली माणसं आधीच येऊन गेली होती. गुरुवारी ताई पैसे ठेवत होत्या तेव्हा हुकूम टाइप होत होता. पुढल्या सूचनेपर्यंत प्रत्येक खात्यातून महिन्याला किराण्यापुरते पैसे मिळतील, बाकी नाही. साहेब कुठे दिसले नाहीत. खोलीचा मालक त्याच संध्याकाळी कागद करायला आला, ताईंनी त्याला दारावरच्या कागदाचं सांगितलं. त्याने महिनाअखेरपर्यंत वाट पाहिली, वाईट माणूस नव्हता तो, आणि मग दुसऱ्याला विकली.

मला दुसरीकडे नोकरी लागली. आठ महिने मी त्या गल्लीत गेले नाही. गेले तर काय बोलणार याची भीती होती, आणि न जाण्याचीही. शेवटी एकदा गेलेच. ताई आता वैद्यबुवांच्या घरी राहत होत्या. मशीन पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं, वर एक दिवा लावून. वैद्यबुवा ठेवीदारांच्या बैठकीला गेले होते, दर आठवड्याला जात.

"तो तिथेही तक्ते करतो," ताई म्हणाल्या. "कोणाचे किती अडकले, कोणाला आधी द्यावे. लोक त्याला शिव्या देतात, तो लिहून घेतो."

त्यांनी चहा केला. आमच्या घरचं विचारलं, बाबांची तब्येत विचारली. मी मान खाली घालून उत्तरं दिली. मग त्या मशीनवर बसल्या, कापडाची कड सरळ केली, आणि सहज म्हणाल्या, "तो सांगत होता, त्या शुक्रवारी एकाच खात्यातून आठ लाख गेले. कोणाचे ते काही सांगत नाही. तुला ठाऊक असेल ना गं? तुम्ही एकाच खोलीत बसायचात."

मला वाटलं, हात वर करावा. हात मांडीवर होता, तो उचलेना.

"नाही ताई," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "मी त्याला आधीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तिला कधी विचारू नकोस म्हटलं. ती घाबरेल."